चाळीस पावलांचा रस्ता

औरंगाबाद,
फाल्गुन वद्य एकादशी, शके १८८३

प्रिय श्रीधर,
अनेक आशीर्वाद.

बारा वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस; सर्व कुशल आहे. काल उमाचे पत्र आले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तुझी पुतणी स्कॉटलंडमधील ज्या लहानशा गावच्या इस्पितळात डॉक्टर आहे, तेथे वस्ती जेमतेम दोन हजारांची, आणि चर्चे मात्र दोन, एकाच रस्त्यावर समोरासमोर! तिने अंतरही मोजले: चाळीस पावले.

मला वाटले, पंथ निराळे असतील. छे! देव एक, ग्रंथ एक, प्रार्थनाही त्याच. १८४३ साली वाद पेटला तो एवढाच, की धर्मोपदेशक कोणी नेमावा, जमीनदाराने की उपासकांनी? निम्मे गाव उठून बाहेर पडले. छप्पर मिळेना, तेव्हा समुद्रकाठी भर पावसात उभे राहून त्यांनी उपासना चालवली. मग दगड वाहून समोरच दुसरे चर्च उभारले. केवढी ही निष्ठा, श्रीधर! आणि केवढा हट्ट! दर रविवारी दोन्ही घंटा एकाच वेळी वाजत, आणि सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून आपापल्या दारात शिरत.

पण ऐक तर पुढे! १९२९ साली दोन्ही पक्ष एक झाले. ऐंशीचा एक म्हातारा आपल्याकडचा तीर्थाचा चांदीचा पेला छातीशी धरून रस्ता ओलांडून आला. आजही तेथे दोन्ही पेले शेजारी शेजारी मांडतात. रिकाम्या चर्चमध्ये लाकडाची वखार आहे. हे मी तुझ्या वहिनीला तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "गोऱ्यांना साधलं. आता शास्त्रीबुवांचं कधी व्हायचं?"

पोलीस ॲक्शननंतरच्या त्या रामनवमीला पैठणच्या आपल्या राममंदिराचे दार तू सर्वांस उघडलेस. सर्वांभूती भगवंत आहे असे जन्मभर प्रवचनातून सांगणारा मी, वेशीबाहेरचा कडूबा पायरी चढताच उत्सवमूर्ती उचलून इकडे निघून आलो. तेव्हापासून तुझ्याकडे पाळणा आहे, राम नाही. माझ्याकडे राम आहे, पाळणा नाही. जन्माच्या वेळी तू पाळण्यात नारळ ठेवून दोरी ओढतोस, हे मला ठाऊक आहे. चूक माझी होती.

त्या गावाला चाळीस पावले चालायला शहाऐंशी वर्षे लागली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. मला तेवढी सवड नाही. नवमीला पहिल्या एस.टी.ने रामाला मांडीवर घेऊन येतो. पाळण्यातला नारळ काढून ठेव. आणि कडूबाला पायरीवर थांबायला सांग. मूर्ती त्याच्या हाती देईन, आणि त्याच्या मागून आत येईन.

तुझाच,
दादा
(व्यंकटराव)