फुप्फुस चाचणीतील न मारलेल्या दोन फुंकरींबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालतपासणी विभाग, सरकारी रुग्णालय.

विषय : मुलीची फुप्फुसाची चाचणी माझ्यासमक्ष पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (आपल्या कार्यालयास "सापडत नसलेले").

महोदय,

मी टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीस जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. घरी तिला बबडी म्हणतात. दोन वर्षे ती पोहायला जात होती व तलावाची रुंदी न थांबता पार करीत असे. यंदा तलावाच्या व्यवस्थापकांनी तंदुरुस्तीचा दाखला मागितला, म्हणून गेल्या महिन्याच्या सात तारखेस तिला आपल्याकडे आणले.

तंत्रज्ञबाईंनी तिच्या तोंडात मोठ्या माणसाची नळी दिली व "जोरात फुंक" एवढेच सांगितले. बबडीला कोणतीही गोष्ट करून दाखवावी लागते. ती कोणी दाखवली नाही. तिने एकदाच फुंकले. ओठांच्या कडेने हवा निसटल्याचे मी स्वतः ऐकले. तो आवाज ओळखण्यावरच माझे पोट चालते. तसे सांगताच बाई म्हणाल्या, "अशा मुलांचं असंच येतं. तुम्ही बाहेर बसा."

अहवालात मात्र तीन फुंकरींची नोंद आहे. दुसरी अकरा चाळीसला, तिसरी अकरा बेचाळीसला. फाटकावरील पहारेकऱ्याच्या वहीत बबडीला घेऊन बाहेर पडल्याची माझी सही अकरा तीसची आहे. मग फुंकले कोणी? शेरा : "क्षमता अपुरी. पोहण्यास मनाई."

अधिक चौकशी करता, त्याच दिवशी तपासलेल्या दुसऱ्या एका मुलीच्या अहवालातही तेच आकडे, दशांशासह, आढळले. आवक विभागातील कारकून हल्ली मला पाहताच जेवायला जातात, मग दहा वाजलेले असोत की चार. म्हणून सोबतच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी वंगणाचा अंगठा उठवला आहे. तो डाग नसून खूण आहे. कागद बदलल्यास मला कळेल.

तिची क्षमता खरोखर कमी असू शकते, हे मी जाणतो. जिना चढताना तिला धाप लागते. कमी असेल तर तसे लिहावे, मी ब्र काढणार नाही. पण आकडा तिचा असावा.

हल्ली ती आरशासमोर उभी राहून गाल फुगवते. काल तिने आईला विचारले, "माझंच चुकलं ना?" चाचणी पुन्हा होईपर्यंत तिला काय सांगावे, तेवढे तरी लेखी कळवावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
मुलीचा बाप
(सही)
दिनांक : आजचाच; पोचेच्या शिक्क्याशी ताडून पाहावा.

सोबत : दोन्ही अहवालांच्या प्रती (दुसरा त्या मुलीच्या आईच्या संमतीने), पहारेकऱ्याच्या वहीच्या पानाचे छायाचित्र.