रानमेथीची शेंग

१२ फेब्रुवारी, राजारामपुरी

दिवाळीपासून वही उघडली नाही, त्याची माफी. आज लिहायलाच हवं.

पेठ वडगावला जाऊन आलो. थोरल्या बहिणीची, आक्काची, दुभती म्हैस पोट फुगून मेली.

परवा आक्कानं बांधावरच्या तणाचा फोटो पाठवून विचारलं होतं, "लसूणघास हाय का रं ही?" मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. फोटो मोठा करून पाहिला. तीन-तीन पानं, पण फुलं पिवळी. लसूणघासाची जांभळी असतात. शेंग गोगलगायीसारखी गुंडाळलेली, वर काटे. म्हटलं, "नाही, ही रानमेथी."

"मग पोटभर घालाय हरकत न्हाय की."

मी हो म्हटलं. लसूणघास ती नेहमी सुकवून, कडब्यात मिसळून घालते. ओला घातला तर पोट फुगतं, हे तिला पक्कं ठाऊक. रानमेथी लसूणघासाचीच सख्खी बहीण, तीही तशीच फुगवते. मग हे सांगितलं का नाही? ओळख बरोबर आली, त्यातच खूश होतो?

आज गोठ्यात आक्का शेजारणीला म्हणाली, "भावानं नीट बघून सांगितलं हुतं. त्येचं काय चुकलं न्हाय. म्हशीचं आयुष्यच तेवढं." मी उरलेला भारा उकिरड्यावर टाकला, कारण न सांगता.

घरी आल्यावर मोज्याला ती काटेरी शेंग अडकलेली दिसली. आता समोर टेबलावर आहे. ओळख चुकली नव्हती, हे स्वतःला किती वेळा सांगणार?

उद्या: आक्काला फोन करून, चूक माझी होती, हे सांगणे.