औषध म्हणून आणलेला कुत्रा

३ सप्टेंबर
आणला शेवटी! बायकोनं कुणाकडून तरी मागून आणलेला कुत्रा. म्हातारा, जाडा, एक कान दुमडलेला. नाव ढम्या. डॉक्टर म्हणे बोलले होते — "घरात मुकं जनावर असलं की मन हलकं होतं."

सतरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. एक दिवस लिफ्टच्या टपावर उभा होतो, हातपाय लटपटायला लागले, दोघांनी धरून खाली आणलं. तेव्हापासून घरीच. अडीच महिने झाले. आणि आता हा इलाज!

५ सप्टेंबर
ढम्या माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. हाक मारली तर उठून गेला.

९ सप्टेंबर
सकाळी बायको आंघोळीला गेली की हा बाथरूमच्या दाराला नाक लावून बसतो. ती अर्धा-अर्धा तास आत. नळ धो धो! पट्टा दाखवला, बिस्कीट दाखवलं — छे, हलत नाही. कुत्रा माझ्यासाठी आणलेला, आणि मलाच विचारत नाही.

लिहायलाही लाज वाटते, पण वाईट वाटलं. कोण निकामी झालंय ते जनावरालाही कळतं की काय?

१४ सप्टेंबर
मोरीत उंदीर असणार! नाहीतर कुत्रा असा दबा धरून का बसेल? अवजारांची पेटी काढली, आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. जाळी उचकटली, पाईप खोलला. केसांचा गुंता निघाला, बस.

बायको दारात. "अहो, डोंगर पोखरलात आणि उंदीरही नाही निघाला!" खूप हसली. पाना धरताना माझे हात मात्र थरथरले नाहीत. तिला सांगितलं. म्हणाली, "बघा, ढम्याचा गुण आला." तिचे डोळे लाल होते. साबण गेला असेल.

१५ सप्टेंबर
मुलीचा फोन. "बाबा, झोप लागते ना? जेवता ना?" सगळं सांगितलं. आईचं विचारलंन तर म्हटलं, तिला काय धाड भरलीय! ती ठणठणीत.

१८ सप्टेंबर
आज गच्चीवरची टाकी धुवायला काढली, बाथरूममधला नळ मध्येच बंद पडला. पाण्याचा आवाज थांबला. आत ती रडत होती. तोंड दाबून, पण ऐकू येत होतं.

ढम्याच्या शेजारी खाली बसलो. तीन महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस.