जोडाक्षरं निधी आल्यावर

बुधवार, २ जुलै २०२५
आजपासून रोजनिशी. पुढे अभियानाचा इतिहास लिहायची वेळ येईल, तेव्हा शोधाशोध नको.
सोसायटीच्या क्लबरूममध्ये प्रौढ साक्षरता वर्ग सुरू. सोम-बुध-शुक्र, चार ते पाच. आमच्या कात्रप भागात घरकाम करणाऱ्या सहा बायका आल्या. जांभूळ गावच्या कौसाबाई सर्वांत आधी हजर. त्यांनी विचारलं, वाचायला कधी येईल? म्हटलं, दोन महिन्यांत पत्र वाचाल. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं.

सोमवार, ७ जुलै
'अ' ते 'ऊ'. अफाट प्रगती. पण एक वर्ग चालवून काय होणार? पालिका रस्त्याला पैसे देते, गटाराला देते. पन्नाशीच्या बाईला अक्षरओळख हवी असेल तर ती फुकट राबणाऱ्या माणसाच्या मर्जीवर. हे धोरणातच बदललं पाहिजे. बजेटमध्ये स्वतंत्र हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं हवं. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं परचेसमध्ये होतो. फाइल कशी हलवायची हे मला कोणी शिकवू नये.

बुधवार, ९ जुलै
वर्ग रद्द. लेटरहेड छापायला टाकलं. अक्षरहक्क अभियान. अध्यक्ष मी, सचिव मी. सुनेत्रा सचिव व्हायला नाही म्हणाली. तिचं म्हणणं, लेटरहेडपेक्षा खडू आणा. बायकोला दूरदृष्टी कमी आहे.

शुक्रवार, १८ जुलै
पालिकेतले क्लार्क संतोष फार सज्जन. म्हणाले, काका, मागणी बरोबर आहे. माझी आई आजही अंगठा लावते. पण मोठ्यांच्या शिक्षणाला आमच्याकडे हेडच नाही. प्रस्ताव द्या, सविस्तर. सविस्तर म्हणजे माझाच प्रांत.
वर्ग रद्द. (तिसरा. फार तर चौथा.)

सोमवार, २८ जुलै
वर्ग घेतला. 'घ' पर्यंत पोचलो. कौसाबाईंनी विचारलं, 'तेजस्वी' कसं लिहितात? थक्क झालो. काय शब्दसंपदा. फळ्यावर लिहून दिलं. त्यांनी ते वहीत चित्रासारखं उतरवलं आणि विचारलं, ही जोडलेली अक्षरं कधी शिकवणार? म्हटलं, जोडाक्षरं निधी आल्यावर.
प्रस्तावात वाक्य टाकलं: लाभार्थींमध्ये तेजस्वितेची ओढ दिसून येते.

बुधवार, १३ ऑगस्ट
प्रस्ताव ४२ पानी. परिशिष्टं वेगळी. दोन आठवडे वर्ग नाही, पण काम वर्गाचंच चाललंय. सुनेत्राने विचारलं, त्या बायका येऊन कुलूप बघून जातात, तुम्हाला माहीत आहे का? संक्रमणकाळात असं होतंच.

बुधवार, ३ सप्टेंबर
पालिकेतल्या साहेबांची वेळ मिळाली, १५ तारीख. संतोष म्हणाले, एखादी शिकलेली बाई आणा, कागदापेक्षा परिणाम होतो. कौसाबाईंची निवड केली. वर्गाला आता त्या एकट्याच येतात. त्यांना अर्ध्या पानाचं भाषण लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत. वाचूनही दाखवलं, चार वेळा.

सोमवार, १५ सप्टेंबर
कौसाबाई उभ्या राहिल्या, कागद धरला आणि घडाघडा वाचलं. साहेब खूश झाले. म्हणाले, छान, आता हे वाचा बरं, आणि समोरची नोटीस पुढे केली. चार ओळींची. कौसाबाईंनी नोटीस बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाल्या, साहेब, मला नाय येत. सरांनी शिकवलं, माझंच डोकं चालत नाय.
साहेब हसले नाहीत. प्रस्ताव ठेवून जा, म्हणाले.
टाइप बारीक होता. ट्यूबलाइटही लुकलुकत होती.

मंगळवार, १६ सप्टेंबर
संतोषनी फोन करून सांगितलं, प्रस्ताव यंदा नाही. चालू असलेल्या वर्गाचं हजेरीपत्रक हवं होतं. ४२ पानांत ते नव्हतं. वर्ग किती झाले ते मोजले. नऊ.

बुधवार, १७ सप्टेंबर
चार वाजता कौसाबाई आल्या. परवाच्याबद्दल माफी मागायला आल्या असतील असं वाटलं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. म्हणाल्या, सर, आता तुम्हीच वाचा.
तेजस्वी त्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी परक्या जातीत लग्न केलं. बापाने घरात तिचं नाव घ्यायला बंदी केली. घरातला फोन त्याच्याकडे असतो, म्हणून तिने आई काम करते त्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे पत्र पाठवलं. जूनच्या शेवटी. दुसऱ्या कोणाला दाखवलं तर गावभर होईल, ही धास्ती. आणि तिने मला लिहिलंय, म्हणाल्या, मीच वाचायचं होतं. दोन महिनेच तर होते.
मी वाचलं.
'आई, ऑगस्टमध्ये बाळंतपण आहे. इथे माझं कोणी नाही. तू ये. उल्हासनगर कॅम्प १ ला राहतो, पत्ता खाली आहे. गणपती होईपर्यंत तुझी वाट बघते. मग आम्ही यांच्या गावी जाणार, तिकडेच राहणार.'
कौसाबाईंनी विचारलं, गणपती झाले ना? झाले, म्हटलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर
दोघं उल्हासनगरला गेलो. रिक्षाने किती वेळ लागतो हे लिहीत नाही. खोलीला कुलूप. घरमालकीण सिंधी बाई, हिंदीत म्हणाली, आठ दिवस झाले गेले. बेटी हुई. लडकी रोज गैलरी में खड़ी रहती थी, कहती थी माँ आएगी. तिच्याकडचा नंबर लावला. बंद. गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं.
कौसाबाईंनी कुलपाला हात लावून बघितला.

रविवार, २१ सप्टेंबर
सकाळी जांभूळला गेलो. ठरवून गेलो होतो: रोज त्यांच्या दारात येऊन शिकवायचं, लेटरहेडशिवाय. ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, कशाला सर? माझं वाचून झालं.
सुनेत्राने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, घरी नव्हत्या.
होत्या.