शेवटची पंगत, आकडा एकोणीस

३ ऑगस्ट १९९८, मुरबाड
आलो एकदाचा. जीपमध्ये अकरा माणसं आणि एक बकरी; खिडकी बकरीला. वीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर बियाणे संस्थेचा संगणक सांभाळायचा, म्हणजे पुनर्जन्मच! मशीन एक, पडदे चार. एकच वाढपी चार पंगतींत असा धावतो की प्रत्येकाला वाटतं, तो आपल्याच पानापाशी उभा आहे. प्रत्येक कामाला आकडा, शून्य ते एकोणीस. मोठा आकडा, शेवटची पंगत. आधीचे कुंडलिकराव वारले. संगणकावरचं त्यांचं खातं मला मिळालं.
चहा करणाऱ्या लहानीने दटावलं, गुरुजी, पेटीला हात नाय जोडला तं ती रुसल हां.

५ ऑगस्ट
छपाई अडली. माझ्या खात्यातल्या कामांच्या यादीत इथल्याच माणसांची नावं: जना, धर्मा, लहानी. तळाशी माझंही, कोणी घातलं, कोण जाणे. सगळं मशीन लहानी आणि मी, दोघंच खात होतो. लहानीला पंधरावर ढकललं. छपाई सुरू.

६ ऑगस्ट
लहानी चहा ओतू लागली. कप भरेपर्यंत माझं एक पान टंकून झालं. कासव म्हणून चिडवलं. ती ओततच होती.

७ ऑगस्ट
कालच्या थट्टेचं उत्तर आज आलं. एकेक अक्षर. तुमीच कासव.
तिची लेक जना रडत आली. आय चुलीपाशी बसलीय ती बसलीच, म्हणाली. फुंकर मारायला तोंड उघडलंय, फुंकर येत नाय.

८ ऑगस्ट
लहानीचा आकडा शून्यावर आणायला गेलो. नकार. आपल्या खात्यातलं काम मागे कोणीही ढकलावं. पुढे ओढायचा हक्क मशीनच्या मालकाचा. त्याचा परवलीचा शब्द कुंडलिकरावांबरोबर गेला. ठाण्याच्या तंत्रज्ञाला फोन केला: बंद करून चालू करा, सगळी कामं मरतात, नव्याने सुरू करायची.
मरतात, म्हणाला. सहज.

१० ऑगस्ट
वाढपी एकच. पुढचं पान उठल्याशिवाय मागच्या पानावर भात पडत नाही. उठवायचा हक्क मला एकाच पानाचा.
माझं काम ढकललं: एकोणीस.

२९ ऑगस्ट
वरची ओळ आत्ताच लिहिली — शाई ओली — कॅलेंडरची पानं कोणी फाडली?
लहानी चालत आली. जना तिच्या पदराला धरून.

सप्टेंबर?
चहा ठेवते — ठेवताच थंड, साय धरलेला. काहीतरी विचारते — भरभर — कळत नाही —

कंदील लागले. विझले.
लहानी समोर बसलीय. म्हणते — बहुतेक — कासव. रोज म्हणत असावी. मी हसायला घेतलंय. हसू पोचेपर्यंत तिने थांबू नये, जना घरी एकट—