सोळावी ढाल

२४ जून २०१४, मंगळवार

सोळा! संन्यासी व्हायचं तर सोळा पूर्वज दाखवायचे — आणि सोळाच्या सोळा उमराव!

मला वाटलं झायडेलबाई चेष्टा करताहेत. पण आमच्या ह्या प्रोफेसरबाईंनी तीन वर्षांत एकदाही चेष्टा केलेली नाही.

आज लिंडेनाखला कामाचा पहिला दिवस. हायडेलबर्गहून एस-बान लोकलने पाऊण तास. गावात कोमेंडे आहे, म्हणजे डॉइचर ऑर्डनचं जुनं ठाणं. तलवार बाळगणारे संन्यासी आठशे वर्षांपूर्वी नेकार नदीच्या काठी येऊन बसले. चॅपेल बांधलं, धान्याचं कोठार बांधलं, आजाऱ्यांसाठी खोल्या, भोवती भिंत. कोठारात आता गावाची लायब्ररी आहे. वरच्या दालनात आमची पाटी — लाकडी, माझ्याहून उंच, १६७१ची. तिच्यावर सोळा ढाली रंगवलेल्या, प्रत्येक ढाल एका पूर्वजाची. ती साफ करायचं काम इन्स्टिट्यूटकडे आलंय, म्हणजे माझ्याकडे.

झायडेलबाई सांगत होत्या. माणूस कितीही शूर असो, देवभोळा असो — आधी खापरपणज्यांपर्यंत सगळे दाखवायचे. मग दोन उमराव पाटीसमोर उभं राहून शपथ घ्यायचे की हे सगळं खरं आहे. तेव्हा कुठे पांढरा झगा! बाकीच्यांना करडा. प्रार्थना तीच, व्रत तेच, लढाईतलं मरणही तेच. पण करडा तो मरेपर्यंत करडा.

मी ब्रश खाली ठेवला. नांदेडहून इतक्या लांब येऊन मी हे पुसत बसलेय!

२५ जून

बाबांना फोन केला. पाटीचं ऐकून इतके हसले की खोकला लागला. "तिकडेही? मग तू घरीच आहेस की गं!"

सत्यजित नाही हसला. "जुनं झालं ते आता," म्हणाला आणि फ्रँकफर्टला किती वाजता निघायचं ते मोबाइलवर बघत बसला. शनिवारी पुण्याहून त्याचे आईबाबा येताहेत, महिनाभर. "ओळख व्हायला" — म्हणजे मला बघायला. जमलं तर डिसेंबरमधली लग्नाची तारीख ठरवूनच जाणार. घरी सगळं सांगितलंय, असं तो दोन वर्षं म्हणतोय.

२८ जून

आले. राजाभाऊकाका उंच, बोलके, पाटबंधारे खात्यातून रिटायर. अहिल्याकाकू बारीक चणीच्या, गप्प. माझ्यासाठी नारायणपेठ साडी आणलीय, डाळिंबी रंगाची. "रंग आवडला का गं? नाहीतर बदलून आणीन." पुण्याहून बदलून आणणार!

मला रडूच आलं. किती घाबरत होते मी उगाच.

२ जुलै, बुधवार

लिहायची इतकी घाई झालीय, अक्षर बघ कसं येतंय.

आज पाटीचे इन्फ्रारेड फोटो काढले. पंधरा ढाली सरळ. शेवटच्या रांगेतली शेवटची, सोळावी — रंगाखाली दुसरंच काहीतरी! वर निळ्यावर तीन सोनेरी चांदण्या. खाली एक सुरी. दोन मुठींची, वाकलेली. झायडेलबाई स्क्रीनवर इतक्या वाकल्या की चष्मा टेकला. "गेर्बर," म्हणाल्या. कातडी कमावणारा!

म्हणजे त्या पांढऱ्या झग्याची खापरपणजी — आईच्या आईच्या आईची आई — चांभारकुंडातली! पेंटरने आधी खरं तेच रंगवलं होतं. मग कुणीतरी त्यावर चांदण्या काढून घेतल्या. दोन रंगांच्या मध्ये ना धूळ, ना वार्निश. त्याच आठवड्यात बदललंय. आणि दोन उमरावांनी त्यावर शपथ घेतली!

मला आत्माराम आजोबांची सुरी आठवली. मी ती पाहिलेली नाही, ऐकलीय. गावातली मेलेली ढोरं ओढायची, सोलायची, हे आमच्या घराचं काम. छप्पन साली आजोबा दीक्षा घेऊन नागपूरहून परत आले आणि सुरी विहिरीत टाकली. आपल्याच विहिरीत, बाबा मुद्दाम सांगतात, कारण दुसरी शिवायची सोय नव्हती. ढोरं ओढणार नाही म्हटल्यावर गावच्या पाटलाने वर्षभर किराणा बंद केला. आजीने अंबाडी उकडून पोरं जगवली. बाबा दरवर्षी ही गोष्ट सांगतात, आणि दरवर्षी सुरी पाण्यात पडल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवतात.

आमची सुरी आम्ही सांगतो. ह्यांनी चांदण्या काढल्या.

५ जुलै, शनिवार

मला नीट लिहायचंय. घडलं तसं.

काकांना इतिहासाचं वेड, म्हणून तिघांना कोमेंडे दाखवायला नेलं. काकूंना एस-बानचीसुद्धा भीती. दार आपोआप मिटलं की सत्यजितचा हात पकडतात. इथे आल्यापासून कोपऱ्यावरच्या बेकरीतही एकट्या गेलेल्या नाहीत.

काका पाटीसमोर हरखून गेले. एकेका ढालीचा फोटो. "ह्याला म्हणतात घराणं! जपलं ह्या लोकांनी."

काकूंनी विचारलं, "ह्या खालच्या कुणाच्या?"

"आईकडच्या, काकू. निम्म्या आईकडच्या असतात."

"आईकडचंही बघायचे?"

"आईच्या आईच्या आईच्याही आईपर्यंत."

काकूंनी कठड्यावर हात ठेवला. "आपल्याकडे तेवढं कोणी खोलात जात नाही," म्हणाल्या.

मग मी — हौसच मला! — लॅपटॉप उघडून सुरी दाखवली. काका जोरात हसले. "अरे, फसवणूकच की ही! काय धाडस माणसाचं!" आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "क्रांतीला नसतं हो असं काही रंगवावं लागलं. पाटलाची नात ती!"

मला कळेना कोणाबद्दल बोलताहेत. मागे बघितलं, दुसरी कुणी क्रांती आहे का!

"सत्यजितने सांगितलंय आम्हाला. तुझे आजोबा गावचे पाटील होते ना? गायकवाड म्हटल्यावर मी विचारलंच होतं. आपल्यातलीच मुलगी, आम्हाला आणखी काय हवं?"

मी सत्यजितकडे बघितलं. तो भिंतीवरच्या फायर एक्स्टिंग्विशरवरच्या सूचना वाचत होता. जर्मनमधल्या. शेवटपर्यंत.

मी काही बोलले नाही. बोलले नाही! मी! चौथीत गुरुजींना उलट बोलून वर्गाबाहेर उभी राहिलेली मी, लॅपटॉप मिटला आणि "खाली कॅफे चांगलं आहे" म्हणाले.

६ जुलै

पाटील!! ज्याने आजीच्या घरचं मीठ बंद केलं, त्यालाच माझा आजोबा केला!

७ जुलै, सोमवार

संध्याकाळी सत्यजितला नदीकाठी भेटले.

"मी खोटं काय बोललो? गायकवाड आडनाव आहेच. बाबांनी विचारलं, आपल्यापैकी का? हो म्हणालो."

"आणि पाटील?"

"ते बोलण्याच्या ओघात आलं."

ओघात! पाटीलकी ओघात येते होय?

"तुझ्यासाठीच केलं ना. एकदा लग्न झालं की कोण विचारतंय? आपण इथे राहणार, जर्मनीत."

मी विचारलं, "आणि माझे बाबा लग्नात आले की काय करणार होतास? त्यांना शर्टावरचा निळा बिल्ला काढायला सांगणार होतास?"

तो बुटाची लेस बांधायला वाकला. म्हणजे तोही विचार करून ठेवला होता.

मला त्याचा राग आहेच. पण दोन वर्षं "सगळं सांगितलंय" ऐकत आले. सगळं म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नाही. घाबरत होते. उत्तर मला माहीत असावं.

९ जुलै

काल रात्री जर्मनीने ब्राझीलला सात गोल मारले. ट्रेनमध्ये सगळे एकमेकांना "सात! सात!" म्हणताहेत, कोणाचा अजून विश्वास बसत नाहीये. माझाही कशावर बसत नाहीये.

झायडेलबाईंना विचारलं, चांदण्या काढायच्या का? मी हातात सुरी घेऊन तयारच होते म्हणायची. त्या म्हणाल्या, नाही. वरचा रंगही तेवढाच जुना आहे. तो राहील. पण शेजारी खालचा फोटो लावायचा, तेवढाच मोठा, बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. "लपवलं होतं हे दिसलं पाहिजे, गेनाऊ?" म्हणजे, बरोबर ना?

गेनाऊ.

१२ जुलै, शनिवार

सांगून आले.

सत्यजितला मेसेज केला होता की येतेय, तूच सांगणार असशील तर चारपर्यंत सांग. चारला गेले तर तो किचनमध्ये चहा करत होता. सांगितलेलं नव्हतं.

सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हटलं, "काका, काकू, माझे आजोबा पाटील नव्हते. आम्ही बौद्ध आहोत. आजोबा गावची मेलेली जनावरं ओढायचे, ते काम त्यांनी छप्पन साली सोडलं. मला त्यांचा अभिमान आहे. सत्यजितने तुम्हाला दुसरं सांगितलं, ते मला गेल्या शनिवारी कळलं."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आम्ही तसलं काही मानत नाही," म्हणाले. "ऑफिसात तुमचे किती लोक होते माझ्याकडे. पण घर म्हटलं की एकट्याचं नसतं. भाऊबंद आहेत. बघू." मग सत्यजितला, "टॅक्सी बोलाव हिला, पाऊस आहे."

तुमचे लोक! गेल्या शनिवारी मी आपल्यातली होते.

काकू उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. मी निघाले तरी बाहेर आल्या नाहीत. त्यांचंच सगळ्यात जास्त लागलं. पाठीवर थाप काकांनी मारली होती, पण साडीचा रंग मला काकूंनी विचारला होता.

पाऊस होता. चालतच आले.

१३ जुलै

गावभर झेंडे. आज फायनल. सत्यजितचे अकरा मिस्ड कॉल.

बाबांना सगळं सांगितलं. आज ते हसले नाहीत. "जेवलीस का?" एवढंच विचारलं, तीनदा.

१४ जुलै

साडी कुरियरने पाठवायची म्हणून खोक्यात घातली. पत्ता लिहवेना. खोकं तसंच दाराशी.

१५ जुलै, मंगळवार

दुपारी लायब्ररीच्या बाईने खालून हाक मारली, कोणीतरी आलंय. अहिल्याकाकू! एकट्या! एस-बानने! हातात चुरगळलेलं तिकीट आणि एका कागदावर मराठीत लिहिलेली स्टेशनांची नावं, एकेकावर टिक केलेली.

"ते दाखव परत. खालचं."

स्क्रीनवर सुरी दाखवली. काकूंनी सुरीच्या मुठीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी आजी तुमच्या वस्तीतली होती. आईची आई. आजोबांनी लांबून आणली, कोकणातली आहे म्हणून सांगितलं सगळ्यांना. आईने माझ्या हळदीच्या दिवशी मला सांगितलं आणि गळ्याची शपथ घातली. तेहतीस वर्षं झाली. ह्यांना माहीत नाही, सत्यजितला नाही. परवा तू किती सरळ बसून सांगितलंस गं. मला आत जाऊन उशी तोंडात धरावी लागली."

काकूंनी पदराने डोळे नाही, स्क्रीनवरची धूळ पुसली.

"परतीची गाडी कितीला? त्या दोघांना पाच वाजता घरी बसून राहा म्हटलंय."

मी विचारलं, "मी येऊ सोबत?"

"नको. हे माझं आहे. तुझं तू सांगून झालीस. सत्यजितचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यासाठी आले नाही."

स्टेशनपर्यंत गेले. दार आपोआप मिटलं. काचेआड काकू हातातल्या कागदावरची नावं वाचत होत्या, शेवटाकडून.