पाट उंबऱ्याबाहेर, पाय आत

ती. जयवंताताईंना,

अमरावतीहून चंदाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? दुपारच्या उन्हात बाजाराला जात जाऊ नका. इकडे तुमच्या आईंसह सगळे ठीक, म्हणजे पापडांचं सोडून.

इकडे शिकायला ठेवलेली तुमची रश्मी क्लासमधून हसतच आली. सरांनी प्रश्न दिला होता की एखादा देश प्रादेशिक संघात राहूनही मनाने बाहेर का राहतो. पोरीने सगळं उत्तर आजीवरून लिहिलं (नाव देशाचं घातलं, पण ज्याला पापड कळतात त्याला कळेल). सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे.

आमच्या गल्लीचा पापडांचा संघ तुम्ही पाहिलाच आहे. उन्हाळ्यात पाच घरं, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे, सगळ्या मिळून त्या घरचे पापड लाटायचे. आई त्यात आहेत, पण सवलती घेऊन. दुसरीकडे जाताना त्या आपल्या पिठाचा गोळा डब्यात नेतात आणि तिथे बसून आपलेच लाटतात. वाळतात ते त्या घरच्याच गच्चीवर, काठाला नखाची खूण करून, म्हणजे सरहद्द ओळखू यावी. आमच्या गच्चीला मात्र कुलूप. वर कोणाच्या पिठात तिखट किती, हेही आईच ठरवणार.

शेवटी दुर्गाबाईंनी आपल्या घरी बैठक बोलावली. (त्या शेजारच्या, आणि संघाच्या सर्वेसर्वा.) आईंनी पाट उंबऱ्याबाहेर मांडला आणि पाय तेवढे आत पसरले.

"पार्वताबाई, एक सांगा, तुमी आत का बाहेर?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"आमी संघात आहो," आई म्हणाल्या, "पन संघ आमच्यात नाही."

आत सरबत आलं तेव्हा पाट आत सरकला. वर्गणीची चटई आणायचं निघालं तेव्हा पुन्हा बाहेर. मी मध्ये बसून दोन्हीकडे हसत होते. ताई, तुम्हाला म्हणून सांगते, मला आत राहायचं होतं. वर्षभर मी या घरात सगळ्यांना विचारते, चहा हवा का, औषध घेतलं का. मला 'चंदा, पाठ दुखते का गं अजून' असं विचारतात त्या या बायाच, तेही लाटणं चालू असताना, वर न बघता.

मग आमची पाळी आली. पीठ कुटून झालं, लाट्या तेलात घोळल्या, आणि कोणीच आलं नाही. आई आणि मी लाटतोय, लाट्या सुकून काठाने फाटताहेत. मी म्हटलं, बोलावून आणते. तर म्हणाल्या, "बोलावलं तं आपुन मेंबर झालो, असं होते."

अर्ध्या लाट्या वाया गेल्यावर त्या उठल्या, गच्चीचं कुलूप काढलं आणि कठड्याशी उभं राहून आभाळाकडे बघत ओरडल्या, "कोनाले यायचं असन तं दार उघडं हाय! आमी कोनाले बोलावलं नाही!"

सगळ्या आल्या, पोळपाटं घेऊन. जणू दाराआडच उभ्या होत्या. दुर्गाबाईंनी पाठीचं विचारलं. मी 'तिखट लागलं' म्हणत डोळे पुसले.

रश्मी अभ्यास करते, काळजी नसावी.

तुमची,
चंदा

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. आई आता म्हणतात, इथे फार गुंतायला होतं, अकोल्याला जयवंताच्या गल्लीत पापडाला जागा धरू. त्यांचा फोन आला की तुमची गल्ली भरली आहे असं सांगा. कृपा करा.

ता. क. २ : आई आत्ता शेजारी येऊन बसल्या. 'काय लिहून राहिली' विचारलं, मी म्हटलं, ताईंचे गुडघे. म्हणाल्या, "तिले लिही, दोन जागा धर म्हना. येक मायी, येक तुयी, चंदा. तुह्याबिगर मी कोनाशी भांडू? येऊ का नाही ते मंग पाहू. पन धरून ठेव म्हना."